ठेव राखणारा नवा शब्द

तीमथ्याला लिहिलेल्या दोन्ही पत्रांत बाजारातला एक शब्द येतो. मूळ ग्रीकमध्ये तो 'पाराथेके', आणि मराठी बायबलने त्याला नेमका प्रतिशब्द दिला आहे : ठेव. लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस आपला पैसाअडका विश्वासातल्या शेजाऱ्याकडे ठेवून जाई, ती ही ठेव. बँका नसलेल्या जगात हा नेहमीचा व्यवहार होता, आणि त्यावरून होणारी भांडणंही नेहमीचीच. रोमन कायद्यात दुसऱ्याची ठेव मालकाला न विचारता नुसती वापरणंसुद्धा चोरीत धरलं जाई. आपल्याकडे मनुस्मृतीने वादाची अठरा पदं मोजली, त्यांत कर्जाच्या मागोमाग 'निक्षेप' येतो, तो हाच विषय. धर्मशास्त्रकारांनी पुढे त्यातही फरक केला. समोर मोजून दिलेला तो निक्षेप, आणि मोहोर लावून, आत काय आहे हे न सांगता सोपवलेला तो उपनिधी.

ही पत्रं वृद्ध पौलाने इफिससच्या तरुण तीमथ्याला लिहिली, त्यांतलं दुसरं तुरुंगातून, अशी परंपरा. पौलाच्या मागून त्याच्या शिष्याने ती त्याच्या नावाने लिहिली असावीत, असं अनेक अभ्यासक म्हणतात. लिहिणारा कुणीही असो, त्याला काय म्हणायचं आहे ते स्वच्छ आहे. श्रद्धा ही तुझी मालमत्ता नाही, तुझ्याकडे सोपवलेली ठेव आहे; घेतलीस तशी पुढच्याच्या हाती दे. याच पत्रांत चांगल्या शिकवणीसाठी वापरलेलं ग्रीक विशेषण आरोग्याशी नातं सांगणारं आहे. मराठीत त्याचं 'सुशिक्षण' झालं आणि औषधाच्या कपाटाचा तो वास उडून गेला. मूळ अर्थ 'निरोगी शिकवण' असा आहे. उलट बाजूला, कानांची खाज शमवणारे गुरू गोळा करणारे लोक. खाज आणि आरोग्य, लेखकाने रूपक शेवटपर्यंत पाळलं आहे.

पण सोपवलेली ही ठेव निक्षेप की उपनिधी, हे पत्रात सांगितलेलं नाही. मोहोरबंद गाठोडं असेल तर राखणदाराचं काम सोपं. गाठ न सोडता ते जपायचं, म्हणजे मिळालेले शब्द तसेच्या तसे म्हणत राहायचे. ख्रिस्ती मंडळीला पहिली अडीचशे वर्षं बरीचशी तशीच काढता आली. चौथ्या शतकात मात्र गाठोडं उघडावंच लागलं.

ठिकाण इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया, साल ३१८च्या सुमाराचं. एरियस हा तिथला एक पाळक. उंच, किडकिडीत, संन्याशासारखा राहणारा, बोलण्यात गोड. देव एकच, अनादी, कुणापासून न झालेला, हे त्याचं पहिलं वाक्य. मग पुत्र जर पित्यापासून झाला, तर तो अनादी कसा? म्हणून पुत्र ही देवाची पहिली आणि सर्वांत श्रेष्ठ निर्मिती. कितीही श्रेष्ठ असली तरी निर्मितीच, आणि तो नव्हता अशी एक स्थिती होती. एरियसला खलनायक करून टाकणं सोपं आहे, पण तो स्वतःला राखणदारच समजत होता. देवाचं एकपण ही त्याच्या मते मूळ ठेव, आणि ती तो सांभाळत होता. त्याने आपली मतं गाण्यांत घातली. खलाशांसाठी, जात्यावर दळणाऱ्यांसाठी, वाटसरूंसाठी त्याने पदं रचली, असं पुढच्या शतकातला एक इतिहासकार सांगतो. जात्यावरच्या ओव्यांतून तत्त्वज्ञान कसं पसरतं, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

त्याचा बिशप अलेक्झांडर याला यातला धोका दिसला. पुत्र निर्मितीच असेल, तर ख्रिस्ताची उपासना करणारे सगळे जण तीनशे वर्षं एका निर्मितीला नमस्कार करत आले. आणि जो स्वतःच घडवलेला आहे, तो माणसाला देवापर्यंत नेणार कसा? बुडणाऱ्याला वर काढणाऱ्याचे पाय काठावर हवेत. वाद एवढा चिघळला की नुकताच सगळ्या साम्राज्याचा धनी झालेल्या कॉन्स्टंटाइनने ३२५ साली नायसियाला (आजचं तुर्कस्तानातलं इझनिक) बिशपांची परिषद बोलावली. अडीचशे ते तीनशे बिशप जमले. परंपरा मात्र ३१८ हा आकडा सांगते, कारण उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाच्या लढाऊ सेवकांची संख्या ३१८ आहे. एवढा जुळून आलेला आकडा परंपरा सहजासहजी सोडत नाही.

नायसियात काय घडलं याचं तपशीलवार इतिवृत्त उरलेलं नाही. पण अलेक्झांडरसोबत सचिव म्हणून गेलेल्या एका तरुण डीकनने पुढे एक गोष्ट लिहून ठेवली, आणि या सगळ्या प्रकरणाची किल्ली माझ्या मते त्या गोष्टीत आहे. त्या डीकनचं नाव अथनासियस. परिषदेचा पहिला विचार शास्त्रातलेच शब्द वापरायचा होता. पुत्र 'देवापासून' आहे, असं म्हणावं. एरियसच्या बाजूचे लोक एकमेकांकडे बघून डोळे मिचकावू लागले : चालेल की, सगळंच देवापासून आहे! बरं, पुत्र देवाचं 'सामर्थ्य' आहे म्हणावं. तेही चालेल, शास्त्रात टोळांच्या झुंडीलाही देवाचं सामर्थ्य म्हटलंय. जो शब्द पुढे केला त्यातून ते निसटून जात. शेवटी परिषदेने शास्त्रात कुठेही नसलेला शब्द उचलला : 'होमोऊसियोस', म्हणजे पित्याचं जे सत्त्व तेच पुत्राचं. या शब्दातून निसटता येत नव्हतं.

हा शब्द नवा होता, तत्त्वज्ञानाच्या वर्गातून आलेला होता, आणि त्याची पूर्वपीठिकाही चांगली नव्हती. समोसाताच्या पौलाला २६८ साली अंत्युखियात धर्मबाह्य ठरवलं, तेव्हा त्याने वापरला म्हणून हाच शब्द नाकारण्यात आला होता. म्हणजे शब्दांच्या बाबतीत परंपरानिष्ठ कोण, असं विचारलं तर उत्तर 'एरियसवाले' असंच द्यावं लागेल. फक्त शास्त्रातले शब्द वापरा, हा आग्रह त्यांचा. नवा शब्द घडवला तो जुन्या अर्थाच्या राखणदारांनी. ठेव राखणं म्हणजे जुने शब्द घोकणं, असं मानणाऱ्यांनी नायसियाच्या या पानावर थोडं थांबावं.

परिषदेने वाद मिटला नाही, उलट तो तिथून खरा पेटला. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर ३२८मध्ये अथनासियस बिशप झाला, तेव्हा तो जेमतेम तिशीचा होता. पुढची पंचेचाळीस वर्षं तो त्या पदावर राहिला, पण त्यांतली सुमारे सतरा हद्दपारीत गेली. चार सम्राटांनी त्याला पाच वेळा घालवलं. पहिली पाळी ३३५ची. टायर शहरात (मराठी बायबलमधलं सोर) त्याच्यावर खटला चालला. अर्सेनियस नावाच्या बिशपाचा खून करून त्याचा हात जादूटोण्यासाठी कापून घेतला, असा आरोप होता. पेटीत ठेवलेला वाळका हात सभेत फिरवण्यात आला. अर्सेनियसला ओळखणारे कोण कोण आहेत, असं अथनासियसने विचारलं आणि कांबळ्यात गुंडाळलेल्या एका माणसाला पुढे आणलं. तो अर्सेनियसच होता, जिवंत. एक हात बाहेर काढून दाखवला, मग दुसरा. आणि तिसरा हात कुठून कापला ते आता फिर्यादींनी सांगावं, असं तो म्हणाला. चर्चच्या जुन्या इतिहासकारांनी ही गोष्ट फार मजेने सांगितली आहे. पण तिचा उपयोग झाला नाही, सभेने त्याला दोषी ठरवलंच. अलेक्झांड्रियाहून राजधानीला जाणारी धान्याची गलबतं अडवण्याची धमकी त्याने दिली, असा नवा आरोप सम्राटाच्या कानावर गेला. धान्याचं नाव निघताच कॉन्स्टंटाइनने पुढचं काही ऐकलं नाही. त्याला थेट आजच्या जर्मनीतल्या ट्रियरला पाठवून दिलं.

आणखी एक प्रसंग ८ फेब्रुवारी ३५६च्या रात्रीचा. थिओनासच्या चर्चमध्ये जागरण चालू असताना सैनिकांनी इमारतीला वेढा घातला. अथनासियस आपल्या आसनावरून उठला नाही. डीकनला त्याने स्तोत्र म्हणायला सांगितलं आणि लोकांना प्रत्येक कडव्यामागून ध्रुपद. दारं फोडून सैनिक आत शिरले, तेव्हा लोक बाहेर पडेपर्यंत तो जागचा हलायला तयार नव्हता. शेवटी संन्याशांनी त्याला अक्षरशः ओढून बाहेर नेलं. पुढची सहा वर्षं तो इजिप्तच्या वाळवंटात एका मठातून दुसऱ्या मठात लपत होता, आणि लपता लपता लिहीत होता. ज्युलियन सम्राटाच्या काळात नाईल नदीवर पाठलाग झाला, तेव्हा त्याने आपली होडी वळवून पाठलाग करणाऱ्यांच्याच दिशेने घातली. अथनासियस कुठे दिसला का, असं त्यांनी विचारलं. फार लांब नाही, वल्ही मारा, असं उत्तर मिळालं आणि ते पुढे निघून गेले.

हा माणूस मवाळ नव्हता. विरोधकांबद्दल तो ज्या भाषेत लिहितो, ती आज छापायला संपादक दोनदा विचार करील. १९२४ साली एका जुन्या पपायरस पत्राचा मजकूर प्रसिद्ध झाला. ते पत्र ३३५च्या सुमाराचं, त्याच्या विरोधी गटातल्या एका माणसाने लिहिलेलं. अथनासियसच्या माणसांनी दारू पिऊन आपल्या लोकांना मारहाण केली, आपल्या पाळकांना कोंडून ठेवलं, असं त्यात म्हटलं आहे. खाजगी पत्र असल्यामुळे ते साफ खोटं म्हणून बाजूला टाकता येत नाही. सत्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस आपोआप सौम्य होत नाही. चर्चचा इतिहास सांगणारे हे फारसं सांगत नाहीत, पण सांगायला हवं.

बाकीच्यांचं काय चाललं होतं? ३४१ ते ३६० या काळात मतांगीकारांचा नुसता पूर आला. प्रत्येक परिषद नवा मसुदा काढी आणि आधीचा पुसून टाकी. अम्मियानुस मार्सेलिनुस हा ख्रिस्ती नसलेला रोमन इतिहासकार वैतागून लिहितो, की परिषदांना धावणाऱ्या बिशपांच्या झुंडींनी सरकारी टपालाच्या घोड्यांचा दम काढला. ३५९ साली कॉन्स्टंटाइनचा मुलगा, सम्राट कॉन्स्टंटियस याने पश्चिमेच्या चारशेहून अधिक बिशपांना रिमिनीला बोलावलं आणि सही केल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही अशी व्यवस्था केली. 'सत्त्व' हा शब्दच काढून टाका, पुत्र पित्यासारखा आहे एवढं पुरे, असा तो मसुदा. कसा सारखा, किती सारखा, ते विचारायचं नाही. हिवाळा जवळ आला, खिसे रिकामे झाले आणि एकेकाने सही केली. सगळं जग कण्हत उठलं आणि आपण एरियसवादी झालो आहोत हे पाहून चकित झालं, अशा अर्थाचं जेरोमचं प्रसिद्ध वाक्य याच घटनेबद्दल आहे.

त्या काळातल्या सह्यांत मला सर्वांत अस्वस्थ करते ती कोर्दोबाच्या होसियसची. रोमन छळात त्याने मार खाल्ला होता, नायसियाच्या परिषदेत पुढाकार त्याचाच होता. ३५७मध्ये, शंभरीच्या आसपास पोचलेला असताना, त्याला सम्राटाच्या मुक्कामी डांबून ठेवलं आणि एका एरियसवादी मसुद्यावर त्याची सही घेतली. रोमचा बिशप लिबेरियस हद्दपारीत होता. त्यानेही साधारण तेव्हाच मान तुकवली. एरवी जहाल असलेला अथनासियस या दोघांबद्दल मात्र आश्चर्य वाटावं इतक्या मऊपणे लिहितो. म्हातारपण, धमक्या, एकटेपण. हे थोडा वेळ वाकले, असं म्हणून तो पुढे जातो. टिकून राहण्याला नव्या करारात 'हुपोमोने' असा शब्द आहे, शब्दशः 'खाली राहणं', ओझ्याखाली. स्वतः ओझं वाहिलेला माणूस दुसऱ्याचा वाकलेला पाठीचा कणा कसा बघतो, ते या मजकुरात दिसतं.

मग टिकलं कोण? जॉन हेन्री न्यूमन या इंग्रज पुरोहिताने १८५९ साली या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि रोममध्ये बरीच नाराजी ओढवून घेतली. त्याचं म्हणणं असं, की त्या दशकांत बिशपांची मोठी संख्या ढेपाळली, ठेव राखली ती मुख्यतः साध्या लोकांनी. त्यांना 'होमोऊसियोस'चा अर्थ सांगता आला नसता. पण बाप्तिस्मा होताना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तिन्ही नावं एका दमात घेतली होती, प्रार्थना ख्रिस्ताला केली होती, आणि ज्याच्यापुढे आजीला हात जोडताना पाहिलं तो घडवलेला आहे, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरेना. तीमथ्याच्या पत्रातही आजी लोईस आणि आई युनीके यांचा विश्वास आधी येतो, तीमथ्याचा नंतर. ज्या वादावर इतकी शाई सांडली, त्याचा निकाल बराचसा लोकांच्या गुडघ्यांनी लावला.

आता त्या प्रसिद्ध एका अक्षराबद्दल. 'होमोऊसियोस' आणि 'होमोइऊसियोस' या शब्दांत फरक फक्त ग्रीक 'इओटा' या अक्षराचा. पहिल्याचा अर्थ तेच सत्त्व, दुसऱ्याचा सारखं सत्त्व. एका अक्षरावरून ख्रिस्ती लोकांनी एकमेकांची डोकी फोडली, ही थट्टा इतिहासकार गिबनच्या काळापासून चालत आली आहे आणि अजूनही भाषणांत टाळ्या घेते. ती चुकीची आहे. 'सारखं सत्त्व' म्हणणाऱ्यांबद्दल अथनासियसने ३५९च्या सुमारास स्पष्ट लिहिलं, की त्यांना एरियसवाल्यांत मोजू नये; ते भाऊ आहेत, त्यांना म्हणायचं आहे ते आपल्यासारखंच, फक्त या शब्दाची त्यांना भीती वाटते. वाळवंटातून परतल्यावर ३६२ साली त्याने अलेक्झांड्रियात एक छोटी परिषद भरवली. देवात तीन 'हुपोस्तासिस' आहेत, असं एक गट म्हणे. एकच आहे, असं दुसरा. दोघेही एकमेकांना पाखंडी ठरवायला तयार होते. परिषदेने पहिल्यांना विचारलं, तीन म्हणजे तीन देव म्हणायचंय का? नाही, पिता, पुत्र, आत्मा खरोखर वेगळे आहेत एवढंच. दुसऱ्यांना विचारलं, एकच म्हणजे तिघांतला भेद पुसायचा आहे का? नाही, सत्त्व एकच आहे एवढंच. झालं. दोघांनाही आपापले शब्द वापरायची मोकळीक मिळाली.

ज्या माणसाने एका शब्दापायी पाच हद्दपाऱ्या भोगल्या, त्याने शब्द सोडून अर्थ विचारला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं काम, हात कापल्याच्या खटल्यापेक्षा आणि नाईलवरच्या होडीपेक्षाही. २ मे ३७३ रोजी तो अलेक्झांड्रियात, आपल्या पदावर असताना वारला. पुढे कप्पदुकियाचे बिशप बासिल आणि दोघे ग्रेगरी यांनी ३६२ची तडजोडच वाढवली आणि ३८१ साली कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेत नायसियाचा शब्द कायमचा पक्का झाला. जर्मन वंशाच्या गॉथ टोळ्या मात्र आणखी दोनशे वर्षं एरियसच्याच बाजूला राहिल्या.

ठेव एका भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यायची म्हटलं की हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि मराठीत त्याला दोन उलटी उत्तरं मिळाली. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले. १६१६ साली रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराणाच्या सुमारे ११,००० ओव्यांत त्यांनी स्वर्गाला बेलाशक 'वैकुंठ' म्हटलं. पण जिथे अर्थ घसरण्याचा धोका वाटला, तिथे 'स्पिरितु सांतु' असा परका शब्द जसाच्या तसा ठेवला. तीनशे वर्षांनी पंडिता रमाबाईंनी केडगावला याच्या नेमकं उलट केलं. तरुणपणी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर ख्रिस्ताचं देवपण आणि त्रैक्य यांवर आपल्या गुरुजनांशी पत्रांतून कडकडून वाद घालणाऱ्या रमाबाई, पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करायला बसल्या. हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळले आणि शक्य तितकी साधी बोली निवडली. संस्कृतच्या या पंडितेइतकं त्या शब्दांचं वजन कोणाला ठाऊक असणार? ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्याच त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं.

स्टीफन्सच्या पुराणाची सतराव्या शतकात तीन वेळा छपाई झाली. त्यांतली एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. पुराण टिकलं ते ख्रिस्ती घरांनी हाताने उतरवून काढलेल्या वह्यांत. अशी हस्तलिखितं ताडून जोझेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं.